कुंद्याचं रान

कुंदा खणणं हे काम नव्हे, शिक्षा आहे. ज्यानं खणलाय त्याला विचारा. वरून बघावं तर वीतभर वाळकं गवत, पाय देऊन पुढं जावं इतकंच. पण बुडात टिकाव घालावा तर खाली पिवळट पांढऱ्या काशा, करंगळीएवढ्या जाड, काळ्या मातीत पार कमरेइतक्या खोल उतरलेल्या. काशी धरून ओढावी तर मधेच तुटते, आणि खाली जेवढी राहते तेवढी पाणी लागलं की पुन्हा डोकं वर काढते. एक पेर राहिलं तरी तिला पुरतं.

हेच सगळं पारूबाई खड्ड्यात उभी राहून रोज म्हणत होती, फक्त तिच्या तोंडातले शब्द इथं लिहिण्याजोगे नाहीत. खड्डा तिच्या मांडीपर्यंत आला होता. सून रूपा वरून पहार घालून ढेकूळ उचकटायची, पारूबाई ते टिकावानं फोडायची, आणि मग दोघी उकिडव्या बसून ढेकळातल्या काशा वेचून घमेल्यात टाकायच्या. घमेलं भरलं की पारूबाईचा नवरा कडुबा ते डोक्यावर घेऊन पलीकडच्या खडकावर न्यायचा आणि उन्हात पसरायचा. मातीवर पडलेली काशी जगते. खडकावर करकरून वाळली आणि वर काडी लावली तरच ती मरते. वैशाखाचं ऊन माणसाला जाळतं, पण ह्या कामात सोबती म्हणून तेवढंच होतं, बाकी सगळे वैरी.

"आत्या, जरा सावलीत बसा," रूपा म्हणाली. "तोंड लालभडक झालंय तुमचं."

"सावली गेली चुलीत. मिरीग तोंडावर आलाय. पानी पडायच्या आत हे सगळं निघालं नाय तर पुढच्या साली हितं कापूस नाय, तूर नाय, नुसता कुंदा. मंग बसू सावलीत, जलमभर."

"दोघीच कुठवर पुरणार?"

"पुरायचं. हान पहार."

कोळथडीचं हे शिवार दौलताबादच्या पलीकडं, किल्ला डाव्या हाताला ठेवून खाली उतरलं की लागतं. नदीच्या अंगाचं हे रान कडुबाच्या आज्याला गावकीच्या कामापायी मिळालेलं, वतनाचं. पुढं वतन गेलं, गावकीची कामं गेली, घरात जय भीम आला, रान मात्र राहिलं. पाऊस कमी पडो की जास्त, काळी माती ओल धरून ठेवायची आणि घराला खायला घालायची. ह्या रानाच्या वरच्या अंगाला, बांधापलीकडं, काकासाहेबाची अंजिराची बाग. खालचं रान हाती आलं तर बाग थेट डांबरी रस्त्याला लागणार होती, आणि किल्ला बघायला येणाऱ्या लोकांसाठी तिथं हॉटेल टाकायचं काकासाहेबाच्या पोराच्या, गोकुळच्या, डोक्यात भरलं होतं. काकासाहेबानं कितीदा विचारलं. पारूबाईनं तितक्यांदा नाही म्हटलं.

मग दोन उन्हाळ्यांमागं काकासाहेबानं कडुबाला आपल्या ओट्यावर बोलावलं. खुर्ची दिली. कपबशीत चहा दिला. आणि म्हणाला, "कडुबाराव, तळ्यातला गाळ आणलाय. माझ्या बागंला जास्त झाला. तुमचं रान खालच्या कोपऱ्यात खोलगट आहे, पाणी तुंबतं. टाकून देऊ का चार ट्रॉल्या? सोनं आहे, सोनं."

त्या ओट्यावर कडुबाचा बाप उभा राहून थकला, आजा खाली अंगणात बसून मेला. आणि कडुबाला खुर्ची, वर 'राव'. माणूस फुगणार नाही तर काय! घरी येऊन तो पारूबाईला म्हणाला, "मला राव म्हनले."

"राव म्हनून कुनी फुकट सोनं देत नसतंय," पारूबाई म्हणाली. पण तोवर ट्रॉल्या खाली होऊन गेल्या होत्या.

पावसाळ्यात त्या मातीवर इथं-तिथं कुंद्याचे झुपके दिसले. तेव्हा दोघांनी दोन दिवस खणला असता तर संपलं असतं. पण पोरगा सम्यक चिकलठाण्याच्या कंपनीत कामाला, त्यानं सुट्टीच्या दिवशी ट्रॅक्टरवाला आणला आणि सगळ्या कोपऱ्यावर रोटाव्हेटर फिरवला. रान कसं भुसभुशीत झालं, बघत राहावं असं! कडुबानं बोटं मोडून पोराची दृष्ट काढायची तेवढी बाकी ठेवली. रोटानं एकेका काशीचे शंभर तुकडे केले, रानभर पसरवले आणि वरून मऊ माती झाकली. सबंध अडाणी कारभार. पुढच्या पावसाळ्यात कोपऱ्यातला कुंदा निम्म्या रानात गेला.

त्या दिवसापासून पारूबाई नवऱ्यावर आणि पोरावर सारखीच तोंड टाकत होती.

---

रविवारी सम्यक आला. आल्या आल्या टिकाव घेतला आणि दुपारपर्यंत तळहाताला फोड आणून बाभळीखाली बसला. बाभळीची सावली म्हणजे नावाला, चाळणीतून पीठ सांडावं तसं ऊन खाली येत होतं. रूपानं भाकरी सोडली, ठेचा वाटून दिला.

"माय, औषध मारू ना. तणनाशक," सम्यक म्हणाला. "कंपनीतल्या एका पोरानं मारलंय त्याच्या रानात."

"औषध पानावर बसतंय. पान कुठंय आत्ता? वर सगळं वाळलंय. खाली जीव धरून बसलाय तो, निवांत. पान हिरवं व्हायला पाऊस पाह्यजे, आन पाऊस पडला की तू औषध घेऊन येस्तोवर तो गुडघ्याला लागंल."

"मग दोघी-तिघांनी एवढं सगळं खणायचं?"

"रोटा घालताना नाय इचारलं ते?"

सम्यकनं मान खाली घातली आणि भाकरीचा तुकडा उगाच चुरत बसला. कडुबाला पोराची कीव आली. विषय बदलावा म्हणून त्यानं समोरच्या डोंगराकडं हात केला. डोंगरावर सीताफळीची झाडं नुसती काटक्या होऊन उभी होती.

"ते बघ, सम्यक. सीताफळ पान टाकून गप बसलंय. उन्हाळ्याशी भांडतच नाय. ही बाभळ, पान बारीक करती, वर काटा काढती. निवडुंग तर पानच ठिवत नाय, समदं पानी पोटात. आन कुंदा खाली जातो, जितं ऊन पोचत नाय तितं. परत्येकाची जगायची रीत न्यारी."

"आन तुमी त्यातलं काय शिकलात?" पारूबाई म्हणाली. "कुनी राव म्हनलं की मुळासकट वर येता."

रूपाला हसू आलं, तिनं पदर तोंडाला लावला. कडुबानं घमेलं उचललं आणि उन्हात चालता झाला. त्याच्या कमरेत उसण होती, चालताना तो एका अंगाला कलायचा. पारूबाईला तेवढ्यापुरतं वाईट वाटलं. पण चूक त्याची होती, आणि चूक कबूल करायला तो तयार नव्हता. 'गाळ तळ्यातलाच व्हता, तळ्यात कुंदा आसंल,' हेच त्याचं पालुपद. तळ्यात कुठं कुंदा असतो का? पण ते मानलं असतं तर ओट्यावरची ती खुर्ची, तो चहा, ते 'राव' सगळंच खोटं ठरलं असतं. म्हातारा ते सोडायला तयार नव्हता.

---

सोमवारी पारूबाईनं वस्तीतल्या बायका बोलावल्या. सावड करू म्हणाली, आज तुम्ही माझ्याकडं, पेरणीला मी तुमच्याकडं. सरिता आणि आणखी तिघी आल्या. चौघींच्या हातांनी काम असं सुटलं की संध्याकाळपर्यंत खोलगट कोपरा उलटापालटा होऊन पडला. पारूबाईच्या जिवात जीव आला. अशा चार-सहा पाळ्या मिळाल्या तर मिरगाच्या आत रान निघत होतं.

दुसऱ्या दिवशी एकही बाई आली नाही.

पारूबाई सरिताच्या दारात जाऊन उभी राहिली. "कामून गं? तब्येत बरी नाय का?"

सरिता शेळीला पाला टाकत होती. तिनं वर बघितलं नाही. "मावशे, रागावू नको. काल गोकुळ आला व्हता. म्हनला, पारूच्या रानात जायचं तर जा, पन मंग आमच्या बांधावरनं शेळ्या न्यायच्या नायत. रस्ता त्यांच्यातून. शेळ्या काय उडवून नेऊ?"

"जय भीम म्हनती ना गं तोंडानं?"

"म्हनते. शेळीला म्हनता येत नाय."

पारूबाई परत फिरली. वाटेत बागेपाशी काकासाहेबाची बायको साळूबाई दिसली. ती रोज सकाळी बागेत येऊन ठिबकच्या नळ्या तपासायची, कुठं तोंड बुजलं असेल तर काडीनं मोकळं करायची. उंचीपुरी, तोंडानं कडक बाई. दोघींचं बोलणं आजवर 'पानी आलं का' ह्यापुढं गेलं नव्हतं.

"साळूबाई, तुमच्या पोराला सांगा," पारूबाई म्हणाली. "बायांना धमक्या देऊ राह्यला."

"तुमचं रान तुम्ही बघा, आमचा पोरगा आम्ही बघतो," साळूबाई म्हणाली आणि नळीवर वाकली.

बरं. तर मग आपलं आपणच. त्या दिवसापासून पारूबाई उजाडायच्या आत रानात जायची आणि झापड पडल्यावर परतायची. तळहातांना पडलेले फोड फुटले, पुन्हा आले, मग तिथं कातड्याची गाठ झाली. रूपाचे खांदे रात्री वर होईनात, केस विंचरायला तिला दुसऱ्याचे हात लागायला लागले. सम्यकनं कंपनीत रात्रपाळी मागून घेतली आणि दिवसा डोळे ताणत तो पहार मारायला लागला. गावातून जाताना लोक म्हणायचे, "काय पारूबाई, सोनं सापडतंय का?" ती म्हणायची, "व्हय, तुमच्यासाठी एक हंडा काढून ठिवलाय, या न्यायला." चहाटळ माणसाला ह्याहून काय सांगायचं! पण रान निघत होतं. खडकावर काशांचे ढीग वाळत होते, पेटत होते, आणि त्यांचा धूर बघून पारूबाईला जेवणाहून जास्त समाधान वाटायचं.

शेवटी काम बांधापाशी आलं, आणि तिथं अडलं. शेवटच्या खड्ड्यात तिनं एक काशी मोकळी केली. ती अंगठ्याएवढी जाड होती आणि सरळ बांधाखाली गेली होती. तिच्या बाजूला दुसरी. मग तिसरी. पारूबाईनं वाकून तिन्ही चाचपल्या, बांधाकडं जाड, रानाकडं बारीक. ह्या काशा तिच्या रानातून वर गेल्या नव्हत्या, वरून तिच्या रानात आल्या होत्या.

"रूपे, चर घ्यायची," ती म्हणाली. "बांधाच्या अंगानं, आपल्या हद्दीत, कंबरभर. ह्या कडंपासून त्या कडंपर्यंत. आलेली समदी तोडायची."

---

चर निम्मी झाली आणि काकासाहेब मोटरसायकलवर आला. मागं गोकुळ. काकासाहेब कडुबाहून दहा-बारा वर्षांनी लहान, पण कडुबाला 'तू' म्हणायची त्या घराची रीत, ती त्यानं चालवली होती. 'राव' तेवढं त्या एका दिवसापुरतं. बांधावर येऊन त्यानं खाली वाकून बघितलं.

"पारू, बांध कोरतीस का?"

"बांधाला हात लावला नाय. माझ्या हद्दीत चर घेऊ राह्यले. कुंदा तुमच्याकडून यायलाय."

"माझ्याकडं कुंदा नाही."

"मंग हे काय?" तिनं ती जाड काशी हातात धरून वर दाखवली. "ही काय बांधाखाली माहेरी गेलती?"

वाटेनं सरिता आणि आणखी दोघी शेळ्या घेऊन चालल्या होत्या, त्या थांबल्या. चार माणसं बघताहेत म्हटल्यावर कडुबाला राहवेना. भांडण मिटावं म्हणून तो घमेलं हातात धरून पुढं आला आणि हसत म्हणाला, "आवं, त्यो गाळ टाकला व्हता ना, काकासाहेब, तळ्यातला. त्यातून आला आसंल. तुमची काय चूक त्यात?"

काकासाहेबाला हसू आलं, खरंखुरं.

"कसलं तळं रे कडुबा? माझ्या ह्या कोपऱ्यात कुंदा माजला होता. अंजीर लावायच्या आधी जेसीबीनं सगळी माती खरवडली. टाकायला जागा नव्हती. तुला राव म्हटलं, तू जागा दिली. एका कप चहात काम झालं."

गोकुळ फिदीफिदी हसला. शेळ्यांजवळच्या एका बाईच्या तोंडूनही हसू निसटलं, मग तिनं ते आवरलं.

"कुंद्याच्या रानाला कोण विचारतंय आता?" काकासाहेब पारूबाईला म्हणाला. "मी विचारतोय तोवर देऊन टाक. पुढच्या वर्षी मीही विचारणार नाही."

"जा मुडद्या," पारूबाई म्हणाली. "तुझ्या बापानं आमच्याकडून कुंदा खणून घेतला, तू आमच्यात आणून टाकला. तुमच्या घराची मजल ढेकळाच्या पुढं गेली नाय."

मोटरसायकल गेली. कडुबा घमेलं घेऊन खडकाकडं गेला. तिथं ते रिकामं करायचं विसरला आणि तसाच डोक्यावर घेऊन उभा राहिला. त्याच्या मानेवरून घामाचे ओघळ चालले होते. पारूबाईला वाटलं, आता त्याला चांगलं बोलावं. दोन वर्षं जे ऐकवायचं होतं ते दुसऱ्यानंच ऐकवलं होतं, आणि ऐकताना तिला त्यात जराही गंमत वाटली नव्हती. उलट तो हसणारा चेहरा टिकावानं फोडावा असं झालं होतं. ती खडकापाशी गेली, घमेलं त्याच्या डोक्यावरून उतरवलं.

"पानी प्या," एवढंच ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी कडुबानं घमेलं रूपाला दिलं आणि स्वतः चरीत उतरला. कमरेला उपरणं करकचून आवळलेलं. पहिल्या दोन घावांत पारूबाईला कळलं की हा माणूस अजून विसरलेला नाही. टिकाव सरळ वरून नाही, तिरपा, काशीच्या बुडाखाली घालायचा, म्हणजे ती तुटत नाही, अख्खी वर येते. काकासाहेबाच्या बापाच्या रानात पोरवयात शिकलेला हात तो. त्यानं दुपारी भाकर खाल्ली नाही, संध्याकाळी त्याला दोघींनी धरून वर काढला. चर संपेपर्यंत तो रोज उतरला.

आणि चर संपली. रान निघालं. काळी माती उघडी पडली होती, हातात घेतली तर नुसती माती, एक काशी नाही. पारूबाईनं मूठभर घेऊन रूपाला दाखवली, सम्यकला दाखवली, रस्त्यानं जाणाऱ्यांनाही दाखवली.

---

दोन दिवसांनी ती बांधावर उभी राहून सहज वर बघते तर काय! बागेत अंजिराच्या ओळींमधे, जिथं जिथं ठिबकचं पाणी टिपकत होतं तिथं तिथं, हिरवेगार झुपके. जेसीबीनं वरवर खरवडलं, खाली राहिलं ते राहिलं. कोरड्यात मेल्यासारखं पडून होतं, पाणी मिळालं तसं उठलं. वैशाखात हिरवा कुंदा! पारूबाईला इतका आनंद झाला की ती एकटीच मोठ्यानं हसली. सम्यकच्या लग्नातसुद्धा ती इतकी हसली नव्हती. "भोग, मेल्या," ती म्हणाली. "आता आण कुनाला राव म्हनून!" वस्तीत जाऊन तिनं घराघरात सांगितलं. सरितालाही सांगितलं, आणि सरिता म्हणाली, "जसं केलं तसं भरलं." त्या दिवशी पारूबाईनं पोटभर जेवण केलं.

शुक्रवारी सकाळी ती चरीच्या कडा सारख्या करत होती. कडुबा तिथंच वरंब्यावर बसून विडी ओढत होता. बागेत ट्रॅक्टरचा आवाज आला. छोटा ट्रॅक्टर, बागेत फिरवायचा, आणि मागं रोटाव्हेटर. गोकुळ वर बसलेला. एका कडेनं रोटा खाली टेकवून त्यानं सुरुवात केली, झुपके बघता बघता मातीत गडप झाले.

"घाल, घाल," पारूबाई म्हणाली. "आमच्या पोरानं घातला तसाच घाल."

कडुबानं विडी विझवली. "पारू, त्यांचं रान वर हाय."

"आसू दे की."

"पहिल्या पावसाचं पानी कुठून येतंय आपल्यात?"

बांधाच्या कोपऱ्यात सांडवा होता. वरच्या रानाचं पाणी तिथून गढूळ होऊन खाली यायचं, पारूबाईच्या रानात पसरायचं. त्या पाण्यानंच तर तिची माती काळी राहिली होती. आणि ह्या पावसाळ्यात त्या पाण्याबरोबर कुंद्याचे हजारो तुकडे येणार होते, बोटबोटभर, पेरापेराचे, मऊ ओल्या मातीत. चर कसली आणि काय कसलं. फुटलेले हात, रूपाचे खांदे, म्हाताऱ्याची कंबर, सगळं एका पावसात वाहून जाणार होतं.

पारूबाई बांध चढून पलीकडं गेली. "ए गोकुळ! बंद कर!"

गोकुळनं ऐकलं न ऐकल्यासारखं केलं.

"आरं, तुकडे करू नको त्याचे! वाढंल! शंभरपट वाढंल! आमचं बघितलं नाय का तू?"

"जा गं, म्हातारे," गोकुळ ओरडला. "आमचं रान साफ झालेलं बघवंना व्हय?"

त्याचंही बरोबर होतं म्हणा. चार दिवसांपूर्वी जी बाई वस्तीभर हसत फिरली, ती आज सल्ला द्यायला आली तर कोण ऐकणार? पारूबाईला ते कळलं आणि तिचा जीव जळला. ती धावली. दोन ओळींमधे, ट्रॅक्टरच्या पुढ्यात, ठिबकच्या ओल्या चिखलात तिनं मांडी ठोकली.

ट्रॅक्टर हातभर अंतरावर थांबला. इंजिनाची वाफ तिच्या तोंडावर येत होती.

"ऊठ! मरायचंय का?"

"घाल अंगावर. पन रोटा नाय फिरवू द्यायची."

कडुबा आला. ह्या बांधाच्या वर तो आजवर मजुरीलाच चढला होता, तेही मान खाली घालून. आज तो आला, कंबर धरून कष्टानं खाली वाकला आणि बायकोच्या बाजूला चिखलात बसला. "बंद कर, पोरा," तो म्हणाला. गोकुळनं शिव्या दिल्या, फोन लावला, आणि मग तेल जळतं म्हणून इंजिन बंद केलं.

काकासाहेब आला, साळूबाई मागून आली. काकासाहेबाचा चेहरा रागानं काळानिळा पडला होता. "माझ्या रानात बसतेस? पोलिसांना बोलावतो. अतिक्रमण लावतो तुझ्यावर."

"बोलव. येस्तोवर मी हितंच हाय."

"तुला काय करायचंय माझ्या रानाचं? बघवत नाही ना? माझी बाग साफ झाली तर पोटात दुखतं ना तुझ्या?"

"तुझी बाग जळो," पारूबाई म्हणाली. "तुझं अंजीर वाळो, तुझं हाटेल बसो. समदं कुंद्यानं खाल्लं तर मी वस्तीत साखर वाटीन. पन तुझं पानी माझ्यात येतंय, मुडद्या! तू तुकडे केलेस की मिरगात ते समदे माझ्यात. तुझ्यापायी बसले नाय मी. माझ्यापायी बसलेय."

काकासाहेब हसला. "बघा, आता कुंद्याचं शास्त्र शिकवायला लागली. घाल रे गोकुळ, उठतील आपोआप."

"थांब," साळूबाई म्हणाली.

ती पुढं आली आणि पारूबाईच्या तोंडाकडं टक लावून बघत राहिली. मग नवऱ्याकडं वळली. "ही बाई आपलं बरं चिंतणारी नाही. तिला आपला पुळका असता तर मी ऐकलं नसतं. खरं बोलतेय ती."

"तू मधे पडू नको."

"का पडू नको? तुम्ही खरवडलं, म्हणालात संपलं. रोज नळ्या मी बघते, ते वर आलेलं मला दिसतंय. तुम्हाला कुठं दिसतंय, तुमचा डोळा रस्त्यावर!" ती पोरावर ओरडली, "गोकुळ, उचल तो रोटा. घरी ने."

गोकुळ बापाकडं बघत राहिला. काकासाहेब थुंकला, मोटरसायकलकडं गेला, आणि गोकुळनं रोटा वर उचलून ट्रॅक्टर मागं घेतला. फिरवलेली ओळ मात्र फिरवलेलीच राहिली.

"आता खणायचं तर माणसं लागतील," साळूबाई म्हणाली. आवाज अजून कडकच होता. "उद्या तुमच्या बायका पाठवा. रोजचा दर देऊ."

"आमच्या बाया येनार नायत."

"का?"

"शेळ्यांचा रस्ता इचार तुझ्या पोराला. न्हाय, त्या येनार नायत, मी येनार नाय, आन माझा मालक तर मुळीच येनार नाय. त्यानं तुमच्या रानात लई खणलंय."

"मग कोण खणणार?"

"मला काय इचारतीस?"

साळूबाईच्या कपाळावरची शीर उडायला लागली. क्षणभर वाटलं, ही बाई आता पारूबाईच्या झिंज्या धरणार. पण तिनं तिकडं पाहिलंच नाही. अंजिराची आळी करायला आणलेला टिकाव झाडाला टेकवून ठेवलेला होता, तो तिनं घेतला, पदर खोचला आणि जवळच्या झुपक्यावर घाव घातला. टिकाव उभा पडला, काशी खट्‌कन तुटली, वरचा हिरवा झुपका बाजूला जाऊन पडला. साळूबाईनं तो उचलून फेकला आणि पुढच्या झुपक्याकडं वळली.

पारूबाई चिखलातून उठली नाही. कडुबानं तिच्या हाताला धरून चल म्हटलं तरी उठली नाही.

"निम्मा खाली ठिवलास," ती साळूबाईला म्हणाली. "परत ये माघारी. तिरपा घाल. खोल."